कुणाकडून आल्या?

मुलीच्या डोक्यात ऊ सापडली की औषधाची चौकशी मागाहून होते. आधी घरातलं प्रत्येक माणूस एकच विचारतं: कुणाकडून आल्या? सर्दीबद्दल असं कुणी विचारत नाही. घरात चार जणांना एकापाठोपाठ ताप आला तरी ‘साथ आहे’ म्हणून आपण गप्प बसतो. उवांना मात्र मूळ गाव लागतं, आणि ते गाव आपलं नसावं एवढीच अपेक्षा असते.

आमच्याकडे हे श्रावणात झालं. लेक तिसरीत आहे, केस चांगले पाठभर. वेणी घालताना कानामागे तिळाएवढं काहीतरी तुरुतुरु पळालं. सासूबाईंनी चष्मा लावला, तिला खिडकीशी नेऊन मान वाकवली आणि निकाल दिला, “ऊच आहे गं ही. लिखांनी तर मागचं सगळं भरलंय.” आणि त्याच दमात, “कुणाकडून घेऊन आली ही?”

संशयितांची यादी लगेच तयार झाली. व्हॅनमध्ये शेजारी बसणारी. कथकच्या क्लासमधली. पोहायला जातात तिथं टोप्यांची अदलाबदल होते म्हणे. नवरा म्हणाला, “एकेका बाकावर तीन-तीन मुली बसवतात, दुसरं काय होणार!” यादी फिरत फिरत शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी शाळेला सुट्टी असली की आपल्या मुलीला बरोबर आणतात. ती आणि आमची, दोघी गॅलरीत एका मोबाइलवर डोक्याला डोकं लावून बसलेल्या असतात. नाव कुणी घेतलं नाही. सासूबाई फक्त म्हणाल्या, “थोडे दिवस हिला एकटीलाच खेळू दे.” तेवढ्यावर सगळ्यांना सगळं कळलं.

मला ते पटलं नाही, पण उलट बोलायला हातात काही नव्हतं. पुरावा निघाला तो केसांतच.

ऊ अंडं घालते ते केसाच्या मुळाशी, टाळूला लागून, कारण टाळूच्या उबेशिवाय त्यातून पिल्लू निघत नाही. ते अंडं ती केसाला असं चिकटवते की पाण्यासाबणाला दाद देत नाही. कोंडा बोटानं सरकतो, लीख सरकत नाही. दोन्हींतला फरक ओळखायची हीच सोपी खूण. आठ-नऊ दिवसांत पिल्लू बाहेर पडतं, टरफल तिथंच राहतं. मग केस वाढतो तसं ते टरफल टाळूपासून लांब लांब जातं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून टाळूपासून पाव इंचाच्या आतली लीख जिवंत असू शकते, त्याहून लांबची बहुधा रिकामी किंवा मेलेली. डॉक्टरीणबाईंनी हे समजावून सांगितलं आणि मी घरी येऊन लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी काढली. सगळ्यात लांबची टरफलं टाळूपासून अडीच सेंटिमीटरवर होती.

म्हणजे अडीच महिने. श्रावणातून तेवढं मागं गेलं की मे महिन्याची अखेर लागते. मे महिनाभर मावशी मुलीला घेऊन धाराशिवकडे आपल्या गावी होत्या, शाळा उघडायच्या सुमारास परतल्या. आणि आमची लेक होती आत्याकडे, इस्लामपूरला. गच्चीवर ओळीनं घातलेल्या गाद्या, त्यावर सगळी आत्ये-मामे भावंडं, एकीचं डोकं दुसरीच्या उशीवर, आणि भुताच्या गोष्टी रंगात आल्या की सगळी डोकी एकाच चादरीखाली.

हा हिशेब मी जेवताना मांडला. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

“म्हणजे माझ्या लेकीच्या घरात उवा आहेत, असं म्हणायचंय का तुला?”

“अहो आई, मी फक्त महिना सांगितला. घर कुठं सांगितलं?”

त्या जेवणानंतर आमच्या घरात हा तपास कायमचा बंद झाला.

तसा माझा हिशेबही कच्चाच. अशा मोजमापात पंधरा-वीस दिवस इकडे-तिकडे सहज होतात, आणि गच्चीवर देवाणघेवाण झाली असली तरी दिल्या कुणी आणि घेतल्या कुणी, हे पट्टी सांगत नाही. त्यात खाजेचा घोळ वेगळाच. ऊ चावली की लगेच खाज सुटते असं नाही. रक्त पिताना ती जी लाळ सोडते, त्या लाळेची ॲलर्जी व्हावी लागते, आणि पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाच्या बाबतीत त्याला चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. तोवर डोक्यात संसार थाटलेला असतो. मादी दिवसाला सहा-आठ अंडी घालते आणि महिनाभर जगते. त्या महिन्यात मूल शाळेत गेलेलं असतं, दोन वाढदिवसांना जाऊन आलेलं असतं, मामाकडे राहून आलेलं असतं. ज्या मुलीच्या डोक्यात आधी सापडल्या तिनंच त्या आणल्या, असा न्याय आपण करतो. खरं तर तिच्या आईनं आधी पाहिलं, एवढंच झालेलं असतं.

मावशींना मी काही बोलले नव्हते. पण उशांचे अभ्रे, पांघरुणं, फणी, तेलाची वाटी हे सगळं एकाच दिवशी बाहेर पडलं की त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “ताई, माझ्या पोरीचं डोकं मी दर ऐतवारी बघते. दीदीचं कोण बघतं?”

कुणी बघत नव्हतं. शाम्पू होत होता, कंडिशनर होत होता, केसांना सुवास येत होता. ऊ अशा केसांतही तितक्याच सुखानं राहते. तिला रक्त हवं असतं, मळाशी तिचं काही देणंघेणं नाही. सहा पायांच्या नख्यांनी केस धरून ती सरसर चालते. उडता येत नाही, उडी मारता येत नाही. केसाला केस लागला की इकडून तिकडे जाते. ज्यांची मुलं एकमेकांच्या गळ्यात पडतात त्या सगळ्या घरांत ती जाणार.

बार्शीला आमच्या वाड्यात दुपारी भांडी आवरली की बायका ओसरीवर बसायच्या. आजीपुढे आई, आईपुढे थोरली बहीण, तिच्यापुढे मी, अशा आम्ही पायऱ्यांवर एकीखाली एक. खोबरेल तेल चोपडलेलं डोकं, वरून उन्हाची तिरीप, मांडीवर जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा. फणी टाळूपासून ओढत आणायची आणि त्या तुकड्यावर झटकायची. मग दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये ‘टक्’. तो आवाज आला की जिचं डोकं तिला बरं वाटायचं. हात चालू आणि तोंडंही चालू. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या दिरानं वाटणी मागितली, कोण पोटुशी आहे. एरवी आम्हा पोरींना ‘जा, बाहेर खेळ’ म्हणून हाकललं असतं. पण डोकं बायकांच्या ताब्यात असल्यामुळे कानही तिथंच. माझं निम्मं सामान्यज्ञान त्या ओसरीवरचं आहे. हे सगळं फार गोड होतं असं मात्र मी म्हणणार नाही. मान अवघडायची, फणी टाळूला लागायची, आणि हललं की पाठीत धपाटा. भावांचं काम एकदम सोपं होतं. उवा झाल्या की न्हावी यायचा आणि चमनगोटा.

शाळेत दोन वेण्या वर बांधून लाल रिबिनी लावायचा नियम होता. तो शिस्तीसाठी होता, पण उवांच्या दृष्टीनंही बरा होता. मोकळे केस जितके एकमेकांत मिसळतात तितक्या वेण्या मिसळत नाहीत. आमच्या वर्गात वसतिगृहातल्या काही मुली होत्या. वसतिगृहात सगळ्यांत मिळून एक बाई. कुणाकुणाची डोकी बघणार? सहावीत त्यातली एक जण सोमवारी शाळेत आली ती बॉयकट करून. रविवारी सगळ्यांना ओळीनं बसवून केस उतरवले होते. वर्गात तिला आधीच शेवटच्या बाकावर एकटीला बसवलेलं होतं. उवांचा प्रश्न मिटला तरी तिचा बाक वार्षिक परीक्षेपर्यंत तोच राहिला. आम्ही कुणी तिच्याशेजारी जाऊन बसलो नाही, आणि आमच्यातल्या निम्म्या जणींची डोकी दुपारी ओसरीवर टक् टक् वाजत होती.

केस पार मुळापासून उतरवले की उवा जातात, यात शंका नाही. पण त्यासाठी केस कापावे लागत नाहीत आणि मुलीला वेगळं बसवावंही लागत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ साली पुन्हा स्पष्ट सांगितलं की उवा सापडल्या म्हणून मुलाला शाळेतून घरी पाठवू नये. उपचार सुरू करावेत आणि मुलानं वर्गात बसावं. सापडल्या त्या दिवसापर्यंत ते मूल कित्येक दिवस सगळ्यांत मिसळून बसलेलं असतं, मग नेमकं आजच बाहेर काढून काय मिळणार?

एवढा धसका कशाचा, याचा मी विचार करते तेव्हा मला वाटतं की डोक्यातली ऊ दुसऱ्याच उवेची बदनामी भोगते आहे. कपड्यांच्या शिवणीत राहणारी एक ऊ असते. तिचं डोक्यातल्या उवेशी नातं अगदी जवळचं, पण ती टायफस नावाचा जीवघेणा ताप पसरवते. ट्युनिसच्या इस्पितळात शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टरच्या लक्षात आलं की रुग्णाला दारातच आंघोळ घालून त्याचे कपडे बदलले की आत कुणाला त्याचा ताप लागत नाही. लागतो तो दाराबाहेर त्याचे कपडे हाताळणाऱ्यांना. त्यावरून १९०९ साली त्यानं ऊ हीच वाहक असल्याचं सिद्ध केलं आणि १९२८ साली त्याला नोबेल मिळालं. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर पूर्व युरोपात या तापानं लाखो माणसं गेली. ज्यांना कपडे बदलायला मिळत नाहीत, आंघोळ मिळत नाही, त्यांच्यात ती ऊ होते: कैदी, निर्वासित, खंदकातले सैनिक. गरिबीचा आणि मळाचा शिक्का तिचा. डोक्यातल्या उवेनं खाज येते, झोप मोडते, खाजवून खाजवून कधी जखम चिघळते. यापलीकडे तिच्या नावावर मोठा गुन्हा नाही.

आणि ती श्रीमंतांना सोडते असंही नाही. इस्राएलमध्ये लाखीश नावाच्या प्राचीन नगराच्या उत्खननात हस्तिदंताची एक छोटी फणी मिळाली. इसवी सनापूर्वी १७०० च्या सुमाराची. त्या भागात हत्ती नव्हते, म्हणजे हस्तिदंत बाहेरून आणलेला, चैनीचा माल. तिच्यावर बारीक अक्षरांत काही कोरलेलं आहे हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं आणि २०२२ साली ते वाचून प्रसिद्ध झालं. मजकुराचा आशय असा: हा दात केसांतल्या आणि दाढीतल्या उवा उपटून काढो. कनानी, म्हणजे त्या भागातल्या प्राचीन लोकांच्या, लिपीत लिहिलेलं सापडलेलं सगळ्यात जुनं पूर्ण वाक्य म्हणतात ते हेच. एवढी मोठी लिपी जन्माला आली आणि तिच्यातलं हाती लागलेलं पहिलं वाक्य उवांचं! त्या फणीला एका बाजूला सहा जाड दात होते आणि दुसऱ्या बाजूला चौदा बारीक. जाड बाजूनं गुंता काढायचा, बारीक बाजूनं उवा. आपल्या दुहेरी फणीची हीच घडण. हरतालिकेच्या सौभाग्यवाणात आरसा, काळी पोत, बांगड्यांबरोबर आपण देवीलाही फणी देतो. आता ती प्लॅस्टिकच्या पुडीत बोटाएवढी लाल येते आणि तिनं बाहुलीचेही केस विंचरता येणार नाहीत, तो भाग वेगळा.

फणीवर माझा विश्वास बसला तो डॉक्टरीणबाईंमुळेच. त्यांनी परमेथ्रिनचं एक टक्क्याचं औषध लिहून दिलं, आणि वर म्हणाल्या की हे लावून स्वस्थ बसू नका. औषधानं चालत्या उवा मरतात, लिखा सगळ्या मरत नाहीत. म्हणून साधारण नवव्या दिवशी पुन्हा लावावं लागतं. काही ठिकाणी उवा या औषधाला दादही देईनाशा झाल्या आहेत. ओसरीवरचं तेल आणि फणी हे मात्र कुठंही चालतं. कोरड्या केसांत ऊ पळते. तेलानं किंवा कंडिशनरनं निथळणाऱ्या केसांत ती जागच्या जागी थबकते आणि फणीला सापडते. एक-एक बट घ्यायची, मुळापासून टोकापर्यंत ओढायची, पांढऱ्या कापडावर पुसायची, पुढची बट. तीन-चार दिवसांनी परत. असं दोन आठवडे नेटानं केलं की नव्यानं निघालेली पिल्लं अंडी घालण्याआधीच हाती लागतात. आणि घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी बघायची. आमच्याकडे सासूबाईंच्या अंबाड्यातही निघाल्या, हे मी इथं लिहिणार नव्हते, पण त्यांनीच परवानगी दिली आहे.

घर मात्र धुऊन काढायची गरज नाही. डोक्याबाहेर ऊ दिवस-दोन दिवसांत उपाशी मरते. अभ्रे, टॉवेल, टोप्या गरम पाण्यातून काढल्या की झालं. सोफ्यावर फवारे मारणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

खरी काळजी घरगुती उपायांची वाटते. सीताफळाच्या बिया वाटून तेलात कालवून लावायचा उपाय आपल्याकडे जुना आहे, आणि त्यानं उवा मरतातही. पण ती पूड डोळ्यांत गेली की बुबुळाला इजा होते. तडफडणाऱ्या मुलीला घेऊन रात्री डोळ्यांच्या दवाखान्यात धावलेली माणसं मी पाहिली आहेत. रॉकेल तर त्याहून वाईट. कातडी भाजते, वाफ नाकातोंडात जाते, आणि तसंच डोकं घेऊन मूल चुलीजवळ किंवा देवघरातल्या समईजवळ गेलं तर काय होईल, ते बोलायला नको. डांबराच्या गोळ्या कुटून तेलात घालणारेही आहेत. या तिन्ही गोष्टी मुलाच्या डोक्याच्या आसपास आणू नका. इथं मी कुणाच्या आजीचा मान ठेवणार नाही.

लोक हे उपाय करतात, कारण ते झटपट असतात. फणी चाळीस-पन्नास रुपयांत येते. महाग पडतो तो तास. पहाटे काळोखात उसाच्या फडावर जाऊन रात्री कोपीवर परतणाऱ्या बाईनं तो कुठून आणायचा? पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा येतो त्या गावात तेल चोपडून नंतर धुवायचं कशानं? तिनं रॉकेल लावलं तर मी तिला मूर्ख म्हणणार नाही. गरिबांच्या मुलांत उवा जास्त दिवस टिकतात त्या एवढ्याचसाठी. येतात त्या सगळ्यांकडे सारख्याच. मावशी चार घरची कामं करून रविवारी लेकीला पुढ्यात घेऊन बसतात. दोन पगारांच्या आमच्या घरात तो रविवार मॉलमध्ये जात होता. आता दोघी मुली ओळीनं बसतात, सासूबाई फणी चालवतात आणि इस्लामपूरला व्हिडिओ कॉल लावून तिकडच्या डोक्यांवरही देखरेख करतात.

मधल्या काळात मी वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर लिहून टाकलं: आमच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत, सगळ्यांनी आपापल्या मुलांची डोकी बघून घ्या, मुलग्यांचीही. नवरा म्हणाला, “कशाला चारचौघांत?” ग्रुपवर तासभर सामसूम. एकीनं नुसतं हात जोडल्याचं चित्र टाकलं. रात्री दहानंतर मात्र वेगळे मेसेज यायला लागले, एकेकटे. ‘आमच्याकडेही निघाल्यात, पण प्लीज ग्रुपवर बोलू नका.’ ‘दोन वर्षं झाली, जातच नाहीत, कुणाला सांगायचं?’ एका मुलग्याच्या आईनं तर स्वतःच्याच डोक्याबद्दल विचारलं. व्हॅनमध्ये शेजारी बसणारी, जी आमच्या यादीत पहिली होती, तिच्या आईनं सांगितलं की तिला आमच्या लेकीचाच संशय होता.

आणि एका बाबांचा थेट फोन आला. बायको ऑफिसच्या कामासाठी बंगळूरला, मुलीचे केस कुरळे, फणी आत शिरतच नाही. मी म्हटलं, आधी भरपूर कंडिशनर चोपडा, साध्या कंगव्यानं गुंता सोडवा, मग फणी, आणि बट बोटाएवढीच घ्या. फोन स्पीकरवर ठेवून ते कामाला लागले. मुलगी रडत होती, ते तिला समजावत होते, बराच वेळ नुसतं ‘थांब गं, थांब गं’ ऐकू येत होतं. मग एकदम ओरडले, “सापडली! चालतेय अजून! आता हिचं काय करायचं?”

“दोन अंगठे आहेत ना तुम्हाला?” मी म्हटलं.